जुनी दुर्बीण चालू आहे तोवरच नवी वर जाऊ द्या : इस्रोला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, इस्रो
आणि मा. सदस्य, अंतराळ आयोग

स. न. वि. वि.

२८ सप्टेंबर २०२५ रोजी ॲस्ट्रोसॅट या आपल्या अंतराळ दुर्बिणीला कक्षेत दहा वर्षे पूर्ण झाली. पाच वर्षे चालेल अशा हिशेबाने बांधलेला उपग्रह दहा वर्षे चालला, याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला मात्र त्या दिवशी धाकधूकच जास्त वाटली. एखाद्या जुन्या यंत्राबद्दल 'अजून काय मस्त चालतंय!' असे आपण म्हणू लागलो, की ते कधी दगा देईल याचा नेम नसतो. आणि हे यंत्र दुरुस्त करायला ६५० किलोमीटर वर कोणी जाणार नाही.

पत्र लिहिण्याचे कारण एवढेच. ॲस्ट्रोसॅटची जागा घेणारी दुर्बीण ॲस्ट्रोसॅट चालू असतानाच वर गेली पाहिजे. जुनी आणि नवी निदान काही महिने एकाच वेळी आकाशात असल्या पाहिजेत. आज हे घडेल अशी चिन्हे मला दिसत नाहीत.

मी संशोधक नाही. पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षे शेवटच्या वर्षाच्या दोन-चार मुलांकडून ॲस्ट्रोसॅटच्या डेटावर प्रकल्प करून घेतो. सप्टेंबर २०१८ मध्ये तुम्ही हा डेटा सर्वांसाठी खुला केलात म्हणून हे जमले. त्याबद्दल आधी आभार मानतो, मग तक्रारीकडे वळतो.

एका मुलीने ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या कठोर क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाची फाईल पहिल्यांदा उघडली तो प्रसंग सांगतो. तिला वाटले होते, काहीतरी रंगीत चित्र दिसेल. दिसले ते आकड्यांचे रकाने. एक ओळ म्हणजे एक फोटॉन, प्रकाशाचा एक कण : तो केव्हा आला, कुठल्या पिक्सेलवर पडला, ऊर्जा किती होती. अशा लाखो ओळी. वेळेच्या रकान्यात नऊ आकडी संख्या. हे सेकंद कधीपासूनचे? तर १ जानेवारी २०१० पासूनचे. उपग्रह उडाला २०१५ मध्ये, घड्याळ मात्र २०१० पासून मोजणारे! ही माहिती न वाचताच आम्ही दोन दिवस भलत्याच तारखेत स्फोट शोधत बसलो, तो दोष आमचाच. मग तिने दर सेकंदाला किती फोटॉन आले ते मोजून आलेख काढला, आणि सपाट खडबडीत रेषेतून मध्येच एक सुळका उभा राहिला. गॅमा किरणांचा स्फोट. कुठल्यातरी दूरच्या दीर्घिकेत एक तारा कोसळला होता, त्याची ती नोंद. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, हे आधी कोणी पाहिलंय?" पाहिले होते, यादीत नाव होते. सीझेडटीआयने असे पाचशेहून जास्त स्फोट टिपले आहेत. तरी तो सुळका तिने स्वतः काढलेला होता.

ॲस्ट्रोसॅट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण पत्र खुले आहे, तेव्हा इतरांसाठी थोडे. हा दीड टनाचा उपग्रह एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे अतिनील प्रकाशात, मृदू क्ष-किरणांत आणि कठोर क्ष-किरणांत पाहतो. वातावरण यातले जवळजवळ काहीच खाली येऊ देत नाही, म्हणून वर जावे लागते. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीला, म्हणजे यूव्हीआयटीला, ३८ सेंटिमीटरचे दोन आरसे आहेत. आकाराने किरकोळच. पण ती एका वेळी पौर्णिमेच्या चंद्राएवढा आकाशाचा तुकडा पाहते आणि दीड आर्कसेकंदापर्यंतचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तपशील सोडवते. अमेरिकेची गॅलेक्स ही अतिनील दुर्बीण २०१३ मध्ये बंद झाली, तिच्यापेक्षा हे चित्र जवळपास तिप्पट रेखीव. आणि हे चित्र म्हणजे एका क्षणाचा फोटो नव्हे. उपग्रह सतत किंचित हलत असतो. डिटेक्टर सेकंदाला सुमारे २९ चौकटी टिपतो, प्रत्येक चौकटीतला एकेक फोटॉन मोजतो, आणि किती हललो याचा हिशेब करून त्या चौकटी खाली एकमेकींवर बसवाव्या लागतात. २०२० मध्ये पुण्याच्या आयुका संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश शोधला तो याच दुर्बिणीने. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तरी ही दीर्घिका अशी यूव्हीआयटीलाच दिसली, कारण इथे आरशाच्या आकाराइतकाच डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट किती कमी, यालाही महत्त्व होते.

आता दुखणी. यूव्हीआयटीचा निकट-अतिनील भाग मार्च २०१८ मध्ये बंद पडला, दूर-अतिनील भाग चालू राहिला. एलएक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या तीन जुळ्या पेट्या होत्या. झेनॉन वायू भरलेल्या. त्यातल्या एकीतून वायू गळू लागला आणि तीही मार्च २०१८ मध्येच बंद करावी लागली. दुसरीचे वागणे बिघडले. भार आला तिसरीवर. हे सगळे तुमच्याच लोकांनी शोधनिबंधांत उघडपणे लिहिले आहे, काही लपवलेले नाही, आणि उरलेल्यातून इतके काम काढून घेतले याबद्दल त्यांना सलाम. पण म्हाताऱ्या माणसाचा एकेक दात पडत जावा तसे हे आहे, आणि पुढचा कुठला हे सांगता येत नाही.

यावर मला हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, "एक्सपोसॅट गेला की!" १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट गेला, हे खरेच. त्याचे काम वेगळे आणि महत्त्वाचे आहे : क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत डोलतात ते, मोजणे. पण तो चित्र काढत नाही, अतिनील पाहत नाही. आदित्य एल-१ फक्त सूर्याकडे पाहतो. यातला कोणीही ॲस्ट्रोसॅटचा वारस नाही. हीच गल्लत जगभर हबलच्या बाबतीत झाली. २०२१ च्या डिसेंबरात वेब उडाली, तेव्हा बातम्यांत ती 'हबलची वारसदार' होती. वेब अवरक्त पाहते, अतिनील तिला दिसतच नाही. हबल जून २०२४ पासून एका गायरोस्कोपवर, म्हणजे रोख स्थिर ठेवणाऱ्या एकाच उपकरणावर, दिवस काढते आहे, आणि ती गेली की अतिनीलातला तिच्या तोडीचा डोळा कुणाकडेच उरणार नाही. नव्या उपग्रहाचा फोटो जुन्याच्या शेजारी छापला म्हणून जागा भरून निघत नाही. जुना जे पाहत होता ते नव्याला दिसले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. जुनी चालू असतानाच नवी कशाला? जुनी बंद पडल्यावर पाठवली तर पैसे नाही का वाचणार?

अवकाशातली दुर्बीण हे फूटपट्टीसारखे साधन आहे, आणि ही फूटपट्टी हळूहळू आखडत जाते. उपग्रहाच्या गोंदांतून, रंगांतून, तारांच्या वेष्टणांतून बारीक वाफ निघते आणि आरशावर बसते. अतिनील प्रकाशाला एवढा पातळ थरही पुरतो. म्हणून तर यूव्हीआयटीची झाकणे उड्डाणानंतर दोन महिने उघडली नव्हती, थेट ३० नोव्हेंबर २०१५ ला उघडली. एवढी काळजी घेऊनही डिटेक्टरची क्षमता काळानुसार बदलते. कोणता तारा किती तेजस्वी हे सांगायचे, तर आधी आपली पट्टी आज किती आखडली आहे ते कळायला हवे. त्यासाठी यूव्हीआयटी एचझेड-४ या श्वेत बटूकडे, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याकडे, पाहते, कारण त्याचे तेज स्थिर आहे. क्ष-किरणवाले वृषभेतल्या क्रॅब तेजोमेघाकडे पाहतात. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्याचा स्फोट नोंदवला, तोच हा. आणि गंमत म्हणजे ज्याला सगळे स्थिर धरत होते, तो क्रॅबही काही वर्षांत काही टक्क्यांनी कमी-जास्त होतो, हे २०११ च्या सुमारास उघड झाले. ते कशामुळे कळले? चार-पाच वेगवेगळे उपग्रह त्याच काळात क्रॅबकडे पाहत होते आणि सगळ्यांची तेजरेषा सारखीच घसरत होती, म्हणून. एकटा उपग्रह असता तर त्यालाच दोषी धरले असते.

जुन्या आणि नव्या दुर्बिणीने एकाच दिवशी तोच तारा पाहिला, तर जुन्याची दहा वर्षे नव्याच्या पुढच्या दहा वर्षांना जोडता येतात. मधे चार वर्षांची फट पडली, तर दोन वेगळ्या वह्या उरतात. दोन्ही वह्यांत आकडे असतात, पण तारा बदलला की पट्टी, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अशा फटीचा अनुभव जगाने घेतला आहे. क्ष-किरणांतले मिलिसेकंदांचे चढउतार टिपणारी अमेरिकेची आरएक्सटीई जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली. तिची मोठी वारसदार म्हणावी अशी एलएक्सपीसी वर गेली सप्टेंबर २०१५ मध्ये. या पावणेचार वर्षांत जीआरएस १९१५+१०५ हे कृष्णविवर आपले नाचत होते. ते १९९२ मध्ये पेटले आणि २०१८ नंतर मंदावले. एलएक्सपीसीला त्याचा शेवटचा बहर मिळाला. उड्डाण आणखी चार वर्षे लांबले असते, तर तोही गेला असता.

आणि आपली गती पाहता चार वर्षे लांबणे काही अशक्य नव्हते. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या आपल्या उपग्रहावर क्ष-किरणांचे एक छोटे उपकरण यशस्वी झाले. त्या उत्साहात ॲस्ट्रोसॅटची कल्पना पुढे आली. मंजुरी २००४ ची. उड्डाण २०१५ चे. कल्पनेपासून उड्डाणापर्यंत १९ वर्षे. त्याच्या मागे टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचे फुग्यांवरचे प्रयोग होते, आर्यभटावरचे १९७५ चे उपकरण होते, जे वीजपुरवठ्याच्या बिघाडाने काही दिवसांतच थांबवावे लागले. म्हणजे पी. सी. अगरवाल, श्याम टंडन, कुलिंदर पाल सिंग, ए. आर. राव या पिढीने आयुष्याची कमाई या एका उपग्रहात ओतली.

या लोकांच्या हातात जे होते ते कागदावर पूर्ण उतरत नाही. ॲस्ट्रोसॅटवरच्या एसएक्सटी या मृदू क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे घ्या. क्ष-किरण सरळ आरशावर मारले तर आत शिरतात, परत येत नाहीत. अगदी निसटत्या कोनात आले तरच घसरून पुढे जातात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक बसवायचे, असे ३२० पत्रे. हे मुंबईत टीआयएफआरमध्ये झाले. पत्रा कुठे वाकतो, किती दाबला की मुलाम्याला सुरकुती पडते, हे ज्याने शंभर पत्रे बिघडवले त्यालाच कळते. अशा माणसाच्या हाताखाली दुसरा माणूस तयार व्हायला प्रत्यक्ष काम चालू लागते. प्रस्तावावर बसून कोणी तयार होत नाही. कार्यशाळेतही नाही, आणि मी कार्यशाळा भरवणाऱ्यांपैकीच आहे.

जपानकडे पाहा. त्यांची हितोमी ही क्ष-किरण दुर्बीण फेब्रुवारी २०१६ मध्ये उडाली आणि सव्वा महिन्यात भिरभिरत तुटली. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण आराखडे तयार होते, माणसे तिथेच होती, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या जागी एक्सरिझम वर गेली. साडेसात वर्षांत. हेच लोक पांगले असते तर साडेसातची किती झाली असती, याचा अंदाज आपल्या १९ वर्षांवरून करावा.

प्रस्ताव नाहीत असे तर मुळीच नाही. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा 'इन्सिस्ट' आहे : एक मीटरचा आरसा, अतिनील आणि दृश्य प्रकाश, यूव्हीआयटीच्या थेट पुढचे पाऊल. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने आखलेला 'दक्ष' आहे : पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक असे दोन उपग्रह, सतत सगळ्या आकाशावर नजर.

दोन का, याचे कारण १७ ऑगस्ट २०१७ च्या दिवशी आहे. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. लायगो आणि व्हर्गो या जमिनीवरच्या वेधशाळांनी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाला बसलेला हेलकावा, टिपली, १.७ सेकंदांनी फर्मी आणि इंटिग्रल या अवकाश दुर्बिणींनी गॅमा किरणांची चमक टिपली, आणि खगोलशास्त्राचा एक नवा अध्याय सुरू झाला. सीझेडटीआय त्या वेळी चालू होते. नेमकी पृथ्वी आडवी आली. ती दिशा आपल्या उपग्रहाला पृथ्वीच्या मागे होती. नशिबाला बोल लावून उपयोग नाही, एका उपग्रहाला अर्धे नाही तरी बरेचसे आकाश झाकलेलेच असते. 'दक्ष'मध्ये दुसरा उपग्रह त्यासाठीच आहे.

याच संदर्भात एक गोष्ट मला कळत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशाच गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे ऐकायला कान आपण बसवतो आहोत. लहर आली की त्या क्षणी कुठे चमकले ते पाहायचे काम कोणाचे? इंटिग्रलने फेब्रुवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवली. फर्मी २००८ ची, तशाच कामाची स्विफ्ट २००४ ची, म्हणजे दोन्ही जुन्या. चीनची आइन्स्टाइन प्रोब आणि चीन-फ्रान्सची स्वॉम २०२४ मध्ये वर गेल्या, हे चांगलेच झाले. पण हिंगोलीच्या कानाने ऐकायचे आणि बघायला शेजाऱ्याच्या खिडकीत जायचे, ही व्यवस्था आपण जाणूनबुजून निवडतो आहोत का? निवडली असेल तर तसे सांगावे. नसेल तर तारखा जुळवाव्यात.

"डेटा तर सगळेच खुला करतात, आपण वापरू" असे काहींचे म्हणणे असते. मीही वापरतो, माझी मुलेही वापरतात. पण खुला डेटा मिळतो तो कोणीतरी आधी दुर्बीण तिकडे वळवलेली असते म्हणून. आज रात्री कुठे वळायचे हे ठरवण्याच्या खोलीत आपला माणूस हवा, तर दुर्बीण आपली हवी. ॲस्ट्रोसॅटमध्ये कॅनडाला आणि ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाला त्यांच्या उपकरणांच्या बदल्यात वेळेतला ठरावीक वाटा मिळाला होता, अनुक्रमे पाच आणि तीन टक्के. वाटा असा मिळवावा लागतो. अमेरिकेची यूव्हीईएक्स ही अतिनील दुर्बीण २०३० मध्ये जायची आहे, इस्रायलची अल्ट्रासॅटही तयार होते आहे. त्यांच्याबरोबर बसायचे तर आपल्याजवळ द्यायला काहीतरी लागेल.

पैशांचे म्हणाल तर ॲस्ट्रोसॅटचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये सांगितला जातो. नवी दुर्बीण त्यात होणार नाही, मान्य. सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी आणि शुक्र मोहिमेला १,२३६ कोटी मंजूर झाले. मला दोन्हींचा आनंद आहे, माझ्या वर्गात चांद्रयान-३ उतरताना मुले बाकांवर उभी राहिली होती. दुर्बीण कुठे उतरत नाही, तिचे थेट प्रक्षेपण होत नाही. ती दहा वर्षे गप्प बसून फोटॉन मोजते. म्हणूनच तिच्यासाठी आरडाओरडा कोणी करत नाही, आणि म्हणून हे पत्र.

माझे मागणे मोठे नाही. 'इन्सिस्ट' आणि 'दक्ष' यांच्याबाबतचा निर्णय, होकार असो वा नकार, तारखेसह जाहीर करा. तरुण संशोधक नकार पचवतात, लटकून राहणे त्यांना पचत नाही. ते परदेशी निघून जातात आणि मग आपण सत्कारांत त्यांची आठवण काढतो. दोन्हींना एकदम पैसे नसतील तर आधी कोणते, हे तुम्ही ठरवा. माझे मत विचाराल तर हिंगोलीच्या घड्याळाशी जुळणारे, म्हणजे 'दक्ष', आधी. आणि ॲस्ट्रोसॅटच्या उतारवयाचे वेळापत्रक आत्ताच करा. नवीन प्रस्तावांची निरीक्षणे थोडी कमी झाली तरी चालेल, पण एचझेड-४ सारखे तारे, क्रॅब, अशा मोजक्या ठिकाणी ठरावीक अंतराने पाहत राहा आणि हे काम शेवटपर्यंत सोडू नका. पुढची दुर्बीण उशिरा गेलीच, तर निदान शेवटची खूण कुठे होती ते तिला सापडेल.

क्रॅब जूनमध्ये सूर्याच्या जवळ जातो, तेव्हा त्याच्याकडे दुर्बीण वळवता येत नाही. सूर्य पुढे सरकला की तो पुन्हा मोकळा होतो. नव्या उपग्रहाची झाकणे अशाच एखाद्या मोसमात उघडावीत, आणि पहिल्या निरीक्षणाच्या अर्जावर ॲस्ट्रोसॅटचेही नाव असावे : तोच तेजोमेघ, तीच तारीख, तीच मिनिटे. त्या दोन्ही फाईली उघडायला मी वर्गातले सगळे संगणक मोकळे ठेवीन.

कळावे,
आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक